न्यू फोल्डर तीन

"मॅडम, तुमचं हे सॉफ्टवेअर आंधळं हाय का?"

आबा माझ्या खुर्चीच्या मागं उभे होते. स्क्रीनवर हिरवी टिक होती आणि तिच्याखाली एकच ओळ: ब्राउझर कॅश, शून्य. मी परत स्कॅन लावला. परत शून्य. आणि डी ड्राइव्हची पट्टी मात्र भरून लालभडक.

"सकाळधरनं एक फोटो सेव्ह होईना. गाड्या उभ्या हायेत कारखान्यावर. तुमीच बसवलं ना हे?"

"मीच बसवलंय, आबा. बघते."

माझं माजलगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पॉलिटेक्निक झाल्यापासून हेच काम करते. दुकानात बसून होतं त्यापेक्षा जास्त काम एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारांचं. आबा त्यातलं मोठं गिऱ्हाईक. धरणाच्या अंगाला त्यांचं गाव. बागायती जमीन, ऊस वाहतुकीच्या गाड्या, राजकारणात वजन. त्यांचा आवाज मोठा नाही, पण ते बोलायला लागले की बैठकीतले बाकीचे गप्प होतात.

ऑफिस घरातच, बैठकीला लागून असलेल्या खोलीत. कॉम्प्युटर एकच, आणि सगळं घर तो वापरायचं. दिवसा आबांची मुलगी ऋतुजा बसायची. ड्रायव्हर लोक कारखान्यावरून वजनाच्या पावत्यांचे फोटो पाठवायचे, ते ती लावून ठेवायची. मधेमधे आबांचा पुतण्या गणेश बसायचा. तो गाड्यांचं बघायचा. संध्याकाळी जेवण झालं की आबा स्वतः.

आता कॅश म्हणजे काय ते सांगते. आपण इंटरनेटवर एखादं पान उघडतो, तेव्हा ब्राउझर त्या पानातली चित्रं आणि तुकडे डिस्कवर ठेवून देतो. पुढच्या वेळी पान लवकर उघडावं म्हणून. तो साठा म्हणजे कॅश. तो फुगत जातो आणि सफाईचं सॉफ्टवेअर तो पुसतं. पण हे सॉफ्टवेअर सगळी डिस्क हुंगत फिरत नाही. ब्राउझर सहसा कुठं कॅश ठेवतो तो पत्ता त्याला माहीत असतो. तिथं जातं, असेल ते पुसतं, टिक देतं. कॅश कुणी दुसरीकडं हलवली असेल तर त्याला रिकामी जागा दिसते आणि ते शून्य सांगतं. खोटं बोलत नाही. फक्त दुसरीकडं बघत नाही.

मी डी ड्राइव्हवर कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय ते काढलं. पावत्यांच्या फोटोंचा वाटा थोडका होता. सगळ्यात मोठं निघालं एक फोल्डर, नाव 'न्यू फोल्डर तीन'. आत हजारो फाइली. एकीलाही धड नाव नाही, नुसतं एफ आणि पुढं आकडे. कॅशच्या फाइली अशाच दिसतात.

मग डेस्कटॉपवर ब्राउझरचं जे चित्र असतं, ज्यावर क्लिक केलं की तो उघडतो, त्याची प्रॉपर्टी बघितली. तिथं मूळ पत्त्याच्या पुढं कुणीतरी एक ओळ जोडली होती: कॅश डी ड्राइव्हवर, न्यू फोल्डर तीनमध्ये ठेव. शिवाय कॅश किती वाढू द्यायची ती मर्यादाही भरमसाट वाढवून ठेवली होती.

"आबा, ही कॅश इथं कुणी हलवली?"

"मला काय ठावं? गण्यानं केलं आसंल. त्यालाच लई हौस." त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हां काका, मीच केलंय," गणेशचा आवाज आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "सी ड्राइव्ह लहान हाय ना. व्हिडिओत दावलं तसं केलं. कावून?"

"डी भरलीय. मॅडम पुसायल्यात ते."

तिकडं ट्रॅक्टर बंद झाला.

"पुसू नका म्हणावं. हात लावू देऊ नका काका. मी यायलोय."

"आरं पण कावून?"

"यायलोय म्हणलं ना."

फोन बंद झाला. आबांनी माझ्याकडं बघून खांदे उडवले. "येऊ द्या त्याला. तवर थांबा." तेवढ्यात बाहेरून कुणी ड्रायव्हरनं हाक मारली आणि ते बैठकीत गेले.

मी एकटीच राहिले. हात लावू नका असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा त्या फोल्डरमध्ये कॅशखेरीज त्याचं स्वतःचंही काही असू शकतं. एखादी कामाची फाइल, फोटो. ते आपल्या हातून गेलं तर नाव आपलं जातं. म्हणून आत काय आहे ते बघणं भाग होतं. पेन ड्राइव्हवर माझ्याकडं एक छोटं टूल असतं. कॅशमधली फाइल कुठल्या पानावरून आली त्याची यादी ते दाखवतं. मी ते चालवलं.

आधी कारखान्याची साइट. मग क्रिकेट. मग गाण्याचे व्हिडिओ. मग इतर काय काय, जे घरातले पुरुष एकटे असताना बघतात. मी भराभर खाली सरकत गेले. आणि मग एका ठिकाणी माझा हात थांबला.

विशेष विवाह कायदा, नोटीस कशी द्यायची. नोटीस घरी कळवतात का. सज्ञान मुलगी, घरच्यांचा विरोध, पोलीस संरक्षण. माजलगाव पुणे बस. परत पोलीस संरक्षण. हेच दहा वेगवेगळ्या शब्दांत, रोज. सगळं दुपारच्या वेळेचं.

मी उठून दाराकडं बघितलं. बैठकीत आबा कुणाला तरी डिझेलचं सांगत होते. मी ती यादी बंद केली.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलगी शिकलेली असली, सज्ञान असली, तरी घराला आधी कळलं तर काय होतं, ते आम्ही बायका माहेरी-सासरी कुजबुजत ऐकलेलं असतं. ऋतुजानं अंबाजोगाईला एमएस्सी केलेली. तिच्या वर्गातल्या एका मुलाबरोबर कुणीतरी तिला बघितलं आणि तिचा फोन आईच्या कपाटात गेला, एवढं मला आधीच्या एका फेरीत घरकामाच्या बाईनं सांगितलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. प्रकरण मिटलं, असं ती म्हणाली होती. मिटलं नव्हतं.

आतल्या दारातून ऋतुजा चहा घेऊन आली. कप ठेवताना तिची नजर स्क्रीनवर गेली. न्यू फोल्डर तीन उघडं होतं.

"हे काय आहे मॅडम?"

मी आवाज खाली आणला. "ब्राउझरची कॅश आहे. जी जी पानं उघडली त्यांचे तुकडे."

"पण मी तर रोज पुसते. हिस्टरीतलं माझं माझं काढते, आणि मग तुमचं ते सॉफ्टवेअर चालवते. हिरवी टिक येते."

"हिस्टरी म्हणजे नुसती नावं. ती तू काढलीस. तुकडे राहिले. सॉफ्टवेअरनं ते जुन्या जागी शोधले. इथं बघितलंच नाही."

तिनं बैठकीच्या दाराकडं बघितलं. "म्हणजे सगळं आहे?"

"आहे."

"गुप्त विंडो उघडून बघणार होते. ती उघडतच नाही."

मी तपासलं. ब्राउझरमध्ये एक गुप्त विंडो असते, तिच्यातलं काही डिस्कवर साठत नाही. ती इथं कुणीतरी सेटिंग करून मुद्दाम बंद केली होती. हे बघितलं आणि मला खरी भीती वाटली. जागा कमी म्हणून कॅश हलवणं समजू शकते. पण गुप्त विंडो बंद करण्याचा आणि जागेचा काही संबंध नाही.

"गणेशदादा यायलाय का?" ती म्हणाली.

"हो."

"पुसा ना मॅडम. पाया पडते तुमच्या."

"आबांनी थांब म्हटलंय. आता पुसलं आणि त्यानं येऊन विचारलं तर दोघींवरही येईल. तू आत जा. काही झालं तरी इकडं येऊ नको."

ती गेली. चहा तसाच राहिला.

मी मला जे करता येण्यासारखं होतं ते केलं. आबांनी पुसायचं थांबा म्हटलं होतं, सेटिंग करू नका म्हटलं नव्हतं. सफाईच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण स्वतःचा पत्ता घालू शकतो. ऑप्शन्समध्ये जाऊन 'इनक्लूड'मध्ये न्यू फोल्डर तीनचा पत्ता घातला, आतली सगळी फोल्डरं धरून. ब्राउझर पूर्ण बंद केला, कारण तो चालू असला की स्वतःच्या फाइली सोडत नाही. आणि एक टिक आणखी केली. साधं डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढणं, घर जागेवरच असतं आणि माणूस चिकाटीनं शोधायला लागला तर सापडतं. डी ड्राइव्ह जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क होती, तिच्यावर तर हमखास. दुसरा पर्याय असा की पुसताना त्या जागेवर शून्यं लिहून टाकायची. याला वेळ लागतो. मी तो पर्याय निवडला. मग न पुसता नुसतं तपासणारं 'अॅनालाइझ' दाबलं. या वेळी शून्य आलं नाही. यादीच्या यादी आली. आता एकच बटन राहिलं होतं.

अंगणात मोटारसायकल थांबली.

गणेश आत आला तो थेट माझ्यापाशी. पायातले बूटही काढले नव्हते. त्याच्या मागं आबा, आणि दारात पावत्यांसाठी थांबलेले दोन-तीन ड्रायव्हर.

"म्याडम, सरका जरा."

मी उठले नाही. धीट होते म्हणून नाही. उठले असते तर माउस त्याच्या हातात गेला असता.

"काय बघायचंय गणेशभाऊ?"

"त्या फोल्डरात काय हाय ते."

"कॅश आहे."

"ते ठावं हाय. कुणाचं काय हाय ते बघायचंय."

आबा पुढं आले. "कुणाचं म्हंजे? काय लपवायलंय का रं कुणी?"

गणेशनं आतल्या दाराकडं बघितलं. "बघू की काका. उघडलं की समजंल."

त्याचा हात माउसकडं आला. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. गिऱ्हाइकाला नेहमी समजावून सांगते तसंच सांगायला लागले.

"आबा, एक सांगते, मग तुम्ही म्हणाल तसं करू. यात कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. या खुर्चीवर जो जो बसला, त्यानं जे जे पान उघडलं, ते सगळं एकाच ढिगात पडलंय. एकाचं तेवढं निवडून दाखवा म्हणाल तर बाकीच्यांचं चाळावंच लागतं. ऋतुजाचं, गणेशभाऊंचं, तुमचं. दिवसाचं, संध्याकाळचं. चित्रांसकट दिसतं. इथंच उघडायचं का? सगळ्यांसमोर?"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

दारातला एक ड्रायव्हर म्हणाला, "मोठं करून दावा की म्याडम," आणि दुसरा फिसकन हसला. गणेशचा हात माउसवर होता, पण हलला नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आबांनी घसा खाकरला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. स्क्रीनकडंच बघत राहिले.

"पुसा," आबा म्हणाले.

"काका, आवो ऐका तर..."

"गप बे! माझ्या गाड्या उभ्या हायेत तिथं आन् तुला यादी वाचायची पडलीय? पुसा मॅडम."

मी बटन दाबलं.

आयुष्यात इतकी हळू सरकणारी पट्टी मी बघितली नाही. शून्यं लिहीत लिहीत जायचं आणि फाइली हजारो. गणेश माझ्या खांद्यामागं उभा. त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास होता.

"नुसतं डिलीट करायला येवढा येळ कावून लागतो?"

"बारक्या फाइली लई आहेत."

हे अर्धंच उत्तर होतं. त्यानं आणखी एक प्रश्न विचारला असता तर मला पुढचं सांगता आलं नसतं, आणि न सांगताही आलं नसतं. आत स्वयंपाकघरात कुणीच भांडी हलवत नव्हतं. लाइट जाईल का, ही एक भीती वेगळीच. यूपीएसची बॅटरी मीच मागच्या फेरीत बदला म्हणून सांगितलं होतं आणि ती बदललेली नव्हती.

पट्टी भरली. डी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. मी परत अॅनालाइझ केलं. शून्य. या वेळचं शून्य खरं होतं. कॉम्प्युटर बंद करताना सॉफ्टवेअर आपोआप चालेल आणि न्यू फोल्डर तीनही साफ करेल, असं लावून दिलं. एक पावती सेव्ह करून दाखवली. आबा "हां" म्हणाले आणि बाहेर गेले.

बॅग भरून निघाले तर गणेश फाटकापाशी होता.

"म्याडम, पुसलेलं परत काढता येतं म्हणत्यात."

"कधी कधी येतं."

तो फक्त मान हलवून बाजूला झाला. कालव्याच्या रस्त्यानं माजलगावला येईपर्यंत मी स्कूटीच्या आरशात बघत होते. मागून उसाची ट्रॉली आली तरी स्कूटी कडेला घ्यायचे. घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला परत तिकडं जाऊ दिलं नसतं.

थोड्याच दिवसांत दुकानात बातमी आली. आबांची मुलगी घरातून गेली. कशी गेली, कुणाबरोबर, कुणाला माहीत नव्हतं. दुपारी पावत्यांचं काम आवरून ती मागच्या दारानं निघाली, एवढंच लोक सांगत होते. मी ऐकून घेतलं आणि हातातला स्क्रू खाली पडला तो शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर पांढरी जीप थांबली. गणेश उतरला, बरोबर दोघं. मी त्यांना ओळखत नव्हते. गणेशनं काउंटरवर रुमालात गुंडाळलेली वस्तू ठेवली. ती त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क होती.

"काढा यातलं."

"काय काढू?"

"पुसलेलं. ते पोरगं कुठं ऱ्हातंय ते घावंल त्यात." त्याच्याबरोबरच्या एकानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ती डिस्क दुसरीकडं नेली असती. मी ती जोडली आणि सगळी डिस्क चाळून पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर लावलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि मग मला आठवलं ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मी शून्यं लिहिली ती त्या दिवशी फोल्डरमध्ये असलेल्या फाइलींवर. पण कॅश मर्यादेपर्यंत भरली की ब्राउझर स्वतःच जुन्या फाइली काढून टाकतो, आणि ते साधं डिलीट असतं. त्या फाइली तशाच पडलेल्या असू शकतात. असतीलच.

पहिलं चित्र आलं. वजनाची पावती. दुसरं, पावती. मग गाडीचा नंबर, मग पावती. प्रत्येक नवीन चौकोन उघडताना मी श्वास धरत होते. एका क्रिकेटवाल्याचं अर्धं तोंड आलं, खालचा भाग करडा. परत पावती. पावतीवर पावती.

तेव्हा कुठं कळलं. त्या दिवशी जागा मोकळी झाल्यावर अडलेले सगळे फोटो डी ड्राइव्हवर भराभर सेव्ह झाले होते, आणि त्यानंतर रोजचे. रिकाम्या जागेवर नवीन काही लिहिलं की तिथलं जुनं कायमचं जातं. ऋतुजा शेवटच्या दुपारपर्यंत पावत्या लावत बसली होती.

न्यू फोल्डर तीनचं नाव आलं. आत फाइली दिसल्या. मी एकेक उघडून दाखवली. सगळ्या शून्यांनी भरलेल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

गणेश बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यानं डिस्क ओढून काढली, वायरसकट. शटर वर गेलं. जीप परळीच्या रस्त्याला लागली. मी स्टुलावर बसले ती शेजारचा स्टेशनरीवाला "ताई, बरं वाटत न्हाई का?" म्हणेपर्यंत.

आबांनी एएमसी पुढं चालू ठेवला नाही. कारण विचारायला मी गेले नाही. दुकानासमोरून गणेशची मोटारसायकल अजून जाते. जाताना हळू होते. मी वर बघत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी बोलतेय." आवाज लगेच ओळखला. लग्न झालं होतं, पोलिसांत जबाब दिला होता, नोकरी लागली होती. कुठल्या गावातून बोलतेय ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "गणेशदादा तुमच्याकडं आलता का?"

मी हार्ड डिस्कचं सांगितलं. पावत्यांचंही सांगितलं.

"आबा कसे आहेत? जेवतात का नीट? काही कळतं का तुम्हाला?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "त्यांचा एएमसी आता माझ्याकडं नाही."

कॉल संपल्यावर मी तो नंबर फोनमधून काढून टाकला.

आता कुठल्याही गिऱ्हाइकाकडं सफाईचं सॉफ्टवेअर बसवलं की मी आधी ब्राउझरची प्रॉपर्टी उघडून कॅशचा पत्ता बघते आणि तोच पत्ता सॉफ्टवेअरमध्ये घालते. पाच मिनिटांचं काम आहे. आणि स्क्रीनवर शून्य आलं, हिरवी टिक आली, की गिऱ्हाइकाला सांगते: यानं जिथं बघितलं तिथलं हे शून्य आहे. बाकीच्या डिस्कबद्दल ते काही बोलत नाही.